बायकोची बदली आणि समाजाची प्रगती

तीर्थस्वरूप दादांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडायला पेन खाली ठेवलं होतं, आता परत उचललं आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आणि तुम्ही राहता चौथ्या मजल्यावर. तेव्हा एक तर डॉक्टर बदला नाहीतर मजला, असं मी मागे सुचवलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. वहिनींचा खोकला थांबला का? आमच्याकडे दोघांच्याही प्रकृती ठणठणीत आहेत. हे पत्र मी हाताने लिहून त्याचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवणार आहे. सरळ फोनवरच का लिहीत नाही, असं तुम्ही विचाराल. कारण असं की तुमची बहीण माझ्या फोनमध्ये डोकावते. कागदात डोकावत नाही, कारण माझं अक्षर तिला लागत नाही. तर विनंती विशेष. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. विनंती तशी काही नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे की इकडे आम्ही परदेशात राहणारे आपले पन्नास-साठ जण मिळून एक मंडळ चालवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमायचं, घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि आपल्या देशाचं नेमकं कुठे चुकतंय ते ठरवायचं. (देशाला अजून कळवलेलं नाही.) आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही हा त्यांचा धंदाच असल्यामुळे अध्यक्षपद त्यांना शोभून दिसतं. त्यांनी या महिन्याचा विषय ठेवला होता, ‘आर्थिक विकासाने खरी सामाजिक प्रगती होते का?’ आणि मुख्य वक्ता म्हणून मला नेमलं. मीच का, तर गेल्या वर्षी मी तिकडे येऊन सतरा दिवस राहून गेलो होतो, म्हणजे अभ्यास झालेलाच होता.

आणि खरोखरच झाला होता. माझ्या पुतण्याच्या त्या नव्या इमारतीतली गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती की नाही, आठवत नाही. सांगितली असली तर हा भाग सोडून वाचा. मी सकाळी घरातलीच अर्धी चड्डी घालून खाली बाजारात गेलो आणि खांद्यावर बटाट्याची पिशवी टाकून परत आलो, तर राखणदाराने मला चकचकीत लिफ्टमध्ये शिरूच दिलं नाही. त्याने मागच्या बाजूची लिफ्ट दाखवली. तिथे भांडी घासणाऱ्या बायका, पेपरवाला आणि एक गॅसचं सिलेंडर असे आम्ही सगळे चेपून अकराव्या मजल्यावर गेलो. गंमत म्हणजे त्या लिफ्टमध्ये गप्पा झकास झाल्या. पुढच्या लिफ्टमध्ये सतरा दिवसांत माझ्याशी कुणी अक्षर बोललं नव्हतं. तर त्यावरून मी भाषणात एक वाक्य बेतलं होतं, ‘लिफ्ट अकराव्या मजल्यावर गेली, माणूस मात्र तळमजल्यावरच राहिला.’ आरशासमोर म्हणून पाहिलं तेव्हा मलाच टाळी वाजवावीशी वाटली होती.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. कारखान्यात पाण्याचे मीटर तपासतानाही डोक्यात प्रगतीच फिरत होती. (एक मीटर उलटा फिरत असताना मी त्याला पास करून पुढे पाठवला. ज्याच्या घरी तो लागला असेल त्याची आर्थिक प्रगती नक्की होणार.) भाषणाचे तीन भाग होते. पहिल्यात तिकडचे रस्ते, पूल, काचेच्या इमारती. दुसऱ्यात तीच माणसं, तेच मानपान, पुरुष बसून जेवतोय आणि बाई उभी राहून वाढतेय. तिसऱ्यात इकडचा समाज, म्हणजे अर्थातच आम्ही, किती पुढे गेलो ते. तिसरा भाग सगळ्यात मोठा झाला होता.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हॉलला लागून एक लहानसं स्वयंपाकघर आहे. व्याख्यान चालू असताना मंडळातल्या बायका तिथे असतात. (कुणी बसवलेलं नाही, त्या आपणहून जातात, असं आमचं पहिल्यापासून म्हणणं आहे.) वक्ता ‘शेवटी मी एवढंच म्हणेन’ असं म्हणाला की आत ऐकू जातं, त्या किटली चालू करतात, आणि वक्ता खाली बसेपर्यंत चहा बाहेर येतो. अकरा वर्षांत ही व्यवस्था एकदाही चुकलेली नाही. इकडची रेल्वे कधीकधी चुकते, आमचा चहा नाही.

त्या रविवारी मी पाऊण तास बोललो. लिफ्टच्या वाक्याला हशा आला (टाळी हवी होती, पण असो), वाढणाऱ्या बाईच्या मुद्द्याला अध्यक्षांनी रुमाल काढून डोळे पुसले, आणि मी आवाज खाली आणून म्हणालो, शेवटी मी एवढंच म्हणेन. आत काही हालचाल नाही. मी दोन मिनिटं आणखी बोललो आणि जरा मोठ्याने म्हणालो, आणि अगदी शेवटी मी एवढंच म्हणेन. तरी काही नाही. लोक दाराकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा मी ‘शेवटी’ हा शब्द असा काही उच्चारला की पहिल्या रांगेतले आजोबा दचकून जागे झाले. दादा, चाळीस माणसं विचारमग्न होऊन चहाची वाट बघतायत आणि वक्त्याकडचे विचार संपलेत, यासारखी अवघड वेळ नाही. मी हातातला कागद ठेवला आणि स्वतः आत गेलो.

आत काय, तर किटली थंडगार. कप तसेच पालथे. आणि चौदा-पंधरा बायका तुमच्या बहिणीभोवती गोळा झालेल्या, एकीच्या हातात एक पत्र, ते ती मोठ्याने वाचतेय, दुसरी हिच्या पाठीवर थापट्या मारतेय, आणि अध्यक्षांच्या बायकोने मला पाहून म्हटलं, या, तुमचंच अभिनंदन करायचं राहिलं होतं. कशाबद्दल ते मला ठाऊक नव्हतं. मी आपला हसलो आणि धन्यवाद म्हणालो.

ते पत्र हिच्या कंपनीचं होतं. ही चौदा वर्षांपूर्वी इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत लागली, तेव्हा चादरींच्या घड्या घालायला होती हे तुम्हाला माहीत आहे. मग पाळीची मुख्य झाली, मग तपासणी तिच्याकडे आली. ऑपरेशनचे हिरवे कपडे नऊ इस्पितळांना वेळेवर आणि एकही डाग न राहता जातात ते हिच्यामुळे, हे मी नाही, त्या पत्रात लिहिलं होतं. आता रेल्वेने चार तासांच्या अंतरावर त्यांनी नवी लाँड्री उभारली आहे, साठ माणसं, आणि तिची व्यवस्थापक म्हणून हिची बदली करायची आहे. सोमवारी पहाटे जायचं, तिथे खोली मिळेल, शुक्रवारी संध्याकाळी परत. पत्र येऊन आठ दिवस झाले होते. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर समाजाच्या प्रगतीवर बोलणारा तेवढा एक अडाणी होता.

तिथेच मी हळूच विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, दोनदा सुरुवात केली होती. एकदा तुम्ही म्हणालात, दमानं घे, स्त्रियांच्या प्रगतीचा परिच्छेद चाललाय, आणि दुसऱ्यांदा नुसताच हात वर केलात. मला आठवलं. तो परिच्छेद चांगला झाला होता, त्याचं मोल हे असं द्यावं लागलं.

त्या दिवशी चहा पुरुषांनी केला. (अध्यक्षांची सूचना, बायकांचं अनुमोदन.) आमच्यात एक निवृत्त बॉयलर इंजिनियर आहेत, त्यांना आम्ही बॉयलरवाले म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यांच्या कारखान्यांना वाफ पुरवली. ते पुढे झाले, किटलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दाब किती असेल याचा अंदाज बांधला, आणि बटण सापडेना म्हणून शेवटी बायकोला हाक मारली. तिने जागेवरून नुसतं बोट दाखवलं. साखर कुणी घातली नव्हती म्हणून तिघांनी घातली. पण लोक प्यायले, आणि अध्यक्ष आभार मानताना म्हणाले की आजचा चहा हाच खरा चर्चेचा निष्कर्ष आहे. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

घरी जाताना बसमध्ये ही माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत मला उत्तर कळवायचंय. मला जायचं आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, फक्त ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. आता दादा, नुकतंच पाऊण तास बोलून आलेला माणूस यावर काय बोलणार? मी म्हणालो, हा सर्वस्वी तुझा निर्णय आहे. (असं म्हणायचं असतं.) ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. ‘जा’ही नाही आणि ‘नको’ही नाही, हे तिच्या बरोबर लक्षात आलं होतं.

सोमवारी कारखान्यात मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोललो. हा इकडचाच, अगदी मूळचा. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून घरात वीज, दारात नळ, आईला मतदानाचा हक्क, सगळं काही. म्हटलं, याच्याकडे अशा गोष्टी रोजच्या असणार, काही तोडगा सांगेल. तर कळलं काय, की त्याच्या बायकोलाही अशीच बदली आली होती, तिने घेतली, आणि तेव्हापासून हा अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या रोज संध्याकाळी जेवायला आईकडे जातो. आई एक्क्याऐंशीची. ती याला डबाही भरून देते. मी गेली सात वर्षं त्याचा तो नीटनेटका डबा बघून, बघा इकडचे पुरुष कसे स्वावलंबी, असं मंडळात सांगत आलो होतो. भाषणाचा तिसरा भाग मी त्याच क्षणी मनातल्या मनात फाडला. म्हणजे घरोघरी मातीच्या चुली, इकडच्या चुली विजेच्या, एवढाच काय तो विकास.

मग बुधवारी ही ती नवी जागा बघायला दोन दिवसांसाठी गेली. जाताना म्हणाली, काय कुठे आहे ते लिहून ठेवू का? मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ती बरं म्हणाली. मी तिला दोन दिवसांत अकरा फोन केले. पहिला कपडे धुण्याच्या यंत्रात साबण नेमका कुठल्या कप्प्यात घालायचा म्हणून. ती त्या वेळी नव्या लाँड्रीत साठ माणसांसमोर उभी होती आणि मागे यंत्रांचा एवढा आवाज होता की तिला ओरडून सांगावं लागलं, डावीकडचा कप्पा, डावीकडचा. आता तिथली माणसं मला ‘डावीकडचा कप्पा’ म्हणूनच ओळखतात म्हणे. कप्पा तर सापडला, पण वाळवायचं बटण निराळं असतं हे विचारायचं राहिलं. त्यामुळे आज माझ्या तिन्ही विजारी ओल्या आहेत, मी रजा टाकली आहे, आणि लुंगी नेसून निवांत हे पत्र लिहितो आहे. बाकी पाव आणि जॅम यावर माणूस दोन दिवस उत्तम राहू शकतो.

काल बॉयलरवाले माझी विचारपूस करायला आले. (खरं कारण असं की त्या रविवारपासून त्यांच्या घरी चहाची जबाबदारी त्यांच्यावर पडली आहे आणि त्यांना कुणाच्या तरी हातचा प्यायचा होता. माझ्याकडे येऊन त्यांची निराशा झाली.) मी तेव्हा रजईला हिने धुऊन ठेवलेली खोळ घालायच्या खटपटीत होतो. तुम्ही कधी घातली आहे का? नसेल तर घालू नका. रजईची दोन टोकं धरून खोळीच्या आत शिरावं लागतं, असं मला वाटलं. शिरलो, आणि मग तोंड कुठल्या बाजूला होतं ते कळेना. बॉयलरवाले बाहेरून सूचना देत होते, टाकीत उतरलेल्या माणसाला देतात तशा, घाबरू नका, हवा आहे, उजवीकडे सरका. शेवटी तेही मदतीला आत आले. दोन पदवीधर माणसं, मिळून बहात्तर वर्षांचा कारखान्यांचा अनुभव, एका खोळीत. बाहेर पडलो तेव्हा रजई तशीच जमिनीवर होती आणि त्यांचा चष्मा आत राहिला होता. रात्री मी कोट पांघरून झोपलो.

असो. तुमचा फार वेळ घेतला. सांगायचा मुद्दा एवढाच की विकास आणि प्रगती या भिन्न गोष्टी आहेत असं माझं मत आता अधिकच पक्कं झालं आहे, आणि तिकडे असो वा इकडे, समाजाने अजून पुष्कळ पुढे जायला हवं. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला गरम शेक देत जा.

तुमचा मेव्हणा

ता. क. विनंती नाही असं वर लिहिलं, पण एक लहानशी आहे. तुमची बहीण तुमच्या शब्दाबाहेर नाही. तर आज संध्याकाळी तिला एक फोन करा आणि सांगा की ही बदली घेऊ नकोस. कारण काहीही सांगा. त्या नव्या गावची थंडी, तिचं वय, रेल्वेचा प्रवास, वहिनींचा खोकला, काय सुचेल ते. फक्त माझं नाव येऊ देऊ नका. मंडळात माझी काही एक प्रतिमा आहे, आणि पुढच्या महिन्यात ‘आधुनिक पती’ या विषयावर मला परत बोलायचं आहे. उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे, तेव्हा हे निकडीचं समजा.

ता. क. २. वरची कारणं खोटी आहेत हे तुम्ही ओळखलं असेलच, तेव्हा खरं सांगून टाकतो. मला भीती वाटते. काल कामावरून घरी आलो तर आत अंधार होता, आणि बाहेरच्या खोलीतल्या दिव्याचं बटण मला चाचपडून शोधावं लागलं. सव्वीस वर्षांत ते दाबायची वेळच आली नव्हती. ही आधी आलेली असते, दिवा लागलेला असतो. आणखी एक गोष्ट लिहिता लिहिता आठवली आणि पेन अडलं. हिला पुढे शिकवायचं नाही असं तुमच्या वडिलांनी ठरवलं तेव्हा कॉलेजचा फॉर्म तुम्ही आणलात आणि त्यांच्यासमोर बसून भरलात. घरात तेव्हा ना फोन होता ना नळ, पाणी वहिनी खालच्या चौकातून आणायच्या. प्रगती व्हायची ती त्या घरात त्या दिवशी होऊन गेली. आणि त्याच माणसाला मी तिला अडवायला सांगतो आहे. मला लाज वाटते आहे, पण फोन करा.

ता. क. ३. फोन करू नका. पानांचे फोटो काढणार तोवर हिची गाडी यायची वेळ झाली म्हणून ओली विजार तशीच चढवून स्टेशनवर गेलो. (तेव्हा हे सगळं तुम्हाला एकदमच मिळतं आहे. लिहिलेलं फाडायचं माझ्या जीवावर येतं.) ही गाडीतून उतरली ती बोलतच. नवी यंत्रं कशी आहेत, चादर एकीकडून ओली जाते आणि दुसरीकडून घडी होऊन येते, तिच्या खोलीला दार आहे आणि दारावर तिच्या नावाची पाटी आधीच लावून ठेवली होती, ती तिने काढायला लावली, कारण अजून ठरलेलं नाही. स्टेशनपासून घरापर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो, असं आमच्यात आजवर झालेलं नाही. दाराशी पोचल्यावर मी जा म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही, की परत ऐकायचं होतं, देव जाणे. मी परत म्हणालो, तू जा, पाटी लावायला सांग. चपला न काढताच तिने फोनवर होकार कळवला आणि मग बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. सोमवारी पहाटे निघते आहे.

आता खरी विनंती. एका माणसाला भात लावायचा तर तांदूळ किती घ्यायचे आणि पाणी किती, ते कळवा. तुम्हाला माहीत नसणारच, तेव्हा कुणाला तरी विचारा. फक्त वहिनींना विचारू नका. त्या लगेच हिला फोन करतील, आणि मग ही जायची नाही.